मामांची जीपगाडी

आमच्या वार्षिकासाठीं कांहीं तरी लिहून द्यावें अशी संपादकांची चिठ्ठी आली, तेव्हां एखादें प्रवासवर्णन लिहावें असा माझा विचार होता. परंतु अलीकडे लक्षांत राहण्याजोगा जो एकच प्रवास माझ्या हातून झाला, तो ओतूरपासून पश्चिमेच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंतचा, म्हणजे उण्यापुऱ्या तीन तासांचा. आणि त्यांतलाही निम्मा वेळ आमची गाडी ओढ्यांत उभी होती. तेव्हां प्रवासाची हकीकत बाजूस ठेवून त्या गाडीविषयीं, त्या दिवशीं तेथें जमलेल्या तिच्या भाईबंदांविषयीं व त्यांच्यावर जीव टाकणाऱ्या माणसांविषयीं लिहावें, असें ठरविलें. वाचकांनीं गोड करून घ्यावें.

ओतूर हें माझें आजोळ. कल्याणहून माळशेज घाट चढून अहिल्यानगराकडे जाणाऱ्या सडकेवर, जुन्नर तालुक्यांत, मांडवी नदीच्या कांठीं हें गांव वसलेलें आहे. श्रावणी सोमवारीं कपर्दिकेश्वराच्या देवळांत कोरड्या तांदळाच्या पिंडी उभारतात, त्या पाहण्यास दूरदूरचे लोक येतात. तुकोबांचे गुरु बाबाजी चैतन्य यांची समाधि येथेंच आहे असें परंपरा सांगते. एरवीं ओतूरची कीर्ति कांद्याची. गांवाच्या पूर्वेस कालव्याचें पाणी व कांद्याच्या चाळी; पश्चिमेस जसजसें जावें तसतसे डोंगर जवळ येतात, पाऊस वाढत जातो, कांदा मागें पडतो आणि भातखाचरें सुरू होतात. त्या अंगाच्या कित्येक वाड्यांना माझ्या लहानपणीं पक्का रस्ता नव्हता. पावसाळ्याचे चार महिने तेथें जाऊं शकणारें वाहन एकच, तें म्हणजे जीपगाडी. आणि ती आमच्या मामांजवळ होती.

जीपगाडी हें युद्धाचें अपत्य, हें बहुतेकांस ठाऊक आहे. परंतु तिच्या जन्माची कथा मोठी मौजेची आहे. १९४० च्या जुलै महिन्यांत अमेरिकेच्या सैन्यानें १३५ कारखानदारांस पत्रें धाडलीं कीं, हलकी, ठेंगणी व चारही चाकांना जोर पोहोंचणारी गाडी पाहिजे, आणि तिचा पहिला नमुना ४९ दिवसांत आणून उभा करावयाचा. बड्या बड्यांनीं अंग काढून घेतलें. बँटम नांवाच्या, जवळजवळ बुडीत निघालेल्या एका लहानशा कंपनीनें मात्र तो नमुना मुदतींत हजर केला. पण गुण सिद्ध झाला म्हणून पदर भरतोच असें नाहीं. एवढासा कारखाना लाखों गाड्या पुरविणार कसा, या शंकेनें मुख्य काम विलीज व फोर्ड या दोघांकडे गेलें, आणि बँटमच्या वांट्यास सैन्यासाठीं गाडीमागें जोडावयाचे छकडे तयार करणें आलें. १९४१ पासून १९४५ पर्यंत विलीज व फोर्ड यांनीं मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बाहेर काढल्या. 'जीप' हें नांव कोठून आलें याविषयीं मात्र अजून वाद आहे, व जीपवाल्यांच्या बैठकींत तो काढूं नये; काढल्यास जेवण थंड होतें, हा स्वानुभव आहे.

युद्ध संपल्यावर ही गाडी शेतकरी झाली. १९४५ सालीं महिंद्र बंधु व गुलाम महंमद यांनीं 'महिंद्र आणि महंमद' ही कंपनी काढली. पुढें फाळणी झाली. गुलाम महंमद पाकिस्तानांत गेले, तेथील पहिले अर्थमंत्री झाले व पुढें गव्हर्नर-जनरलही झाले. आणि १९४८ सालीं कंपनीच्या नांवांतला 'महंमद' जाऊन दुसरा 'महिंद्र' आला. अमेरिकेंतून सुटे भाग आणून मुंबईस जीपगाड्या जोडण्याचें काम याच कंपनीनें १९४७ पासून आरंभिलें, व कालांतरानें सबंध गाडीच येथें होऊं लागली. त्यांतील 'सीजे-३बी' नांवाच्या नमुन्याचें इंजिन जुन्याहून उंच असल्यामुळें तिचें बोनेटही उंच ठेवावें लागलें. त्यामुळें युद्धांतल्या जीपशेजारीं ती उभी केली असतां मान ताठ केलेल्या धाकट्या बहिणीसारखी दिसते. अमेरिकेंत तिचें उत्पादन १९६८ सालीं थांबलें. आपल्याकडे ती त्यानंतरही कित्येक वर्षें निघत राहिली. मामलेदाराची, फौजदाराची, धरणावरच्या इंजिनिअरची म्हणून खेड्यापाड्यांतल्या दोन पिढ्यांनीं जी जीप पाहिली ती बहुधा हीच.

मामांनीं आपली गाडी १९७९ सालीं एका सरकारी खात्याच्या लिलांवांत घेतली. ती १९६८ ची. ती पेट्रोल फार पीत असे. म्हणून पुढें गांवांतल्या एका मिस्तरींनीं तिचें मूळचें इंजिन उतरवून मॅटाडोरचें डिझेल इंजिन तीत बसविलें, व मामांनीं त्याची नोंद गाडीच्या पुस्तकांत रीतसर करून घेतली. आठवड्यांतून चार दिवस ती कांद्याचीं रोपें, खतांचीं पोतीं, नांगराचे फाळ व माणसें वाहात असे. पण तिचा दुसरा एक धंदा होता, व त्याचें भाडें मामांनीं कधीं घेतलें नाहीं. पश्चिमेच्या वाड्यांतून रात्रीं-अपरात्रीं कोणी तरी कंदील घेऊन येई. कोणास पान लागलेलें असे, कोणी बाई अडलेली असे. मामा उठत, टोपी घालीत व गाडी काढीत.

१९९१ च्या पावसाळ्यांत अशा एका फेरींत मीही होतों. मी तेव्हां बारा वर्षांचा. बाजेवर निजविलेली बाई, तिच्या उशाशीं तिची सासू, मागें लोंबकळणारे दोन पुरुष, आणि ओढ्याच्या मध्यावर मामा हळूहळू गाडी घालीत असतां पाणी आंत येऊन माझ्या घोट्यांना लागलें तें अजून आठवतें. कोणी बोलत नव्हतें. ती बाई पहांटे जुन्नरास सुखरूप बाळंत झाली. सर्वच फेऱ्यांचा शेवट असा गोड झाला असें मात्र नाहीं. कित्येकदां बाज परत आणण्याचीही वेळ आली. या फेऱ्या किती झाल्या याची कोणीं नोंद ठेविलेली नाहीं.

या कामाकरितां मिस्तरींनीं गाडीस एक फेरफार केला होता. बाज आंत जाईना, म्हणून मागचें फळकें त्यांनीं मुळांतून काढून टाकलें व त्याच्या दोन्ही बाजूंचा पत्रा चार चार बोटें कापून वाट रुंद केली. पुढची डावी बैठक बिजागरीवर उचलून घेतां येईल अशी केली, म्हणजे बाजेचें उसें थेट तेथवर पोहोंचे. या कापलेल्या पत्र्याची गोष्ट पुढें यावयाची आहे.

असो. गेल्या पावसाळ्यांत पुण्यामुंबईकडील जुन्या जीपगाड्यांचे शौकीन ओतूरास येणार, मांडवीकांठीं एका शेतांत उतरणार व दुसऱ्या दिवशीं पश्चिमेच्या डोंगरांत जाणार, असें मामांच्या धाकट्या चिरंजिवांनीं कळविलें. त्यांतील एका गृहस्थांशीं त्याची ओळख होती. गोव्यांत २०१४ सालीं सुरू झालेली रेनफॉरेस्ट चॅलेंज नांवाची जी चिखलांतली स्पर्धा आहे, तसला हा प्रकार नव्हता. येथें ना घड्याळ, ना बक्षीस, ना पंच. आपल्या जुन्या गाड्या घेऊन यावें, एकमेकांच्या गाड्यांखालीं शिरावें, दोन दिवस चिखलांत काढावे व घरीं जावें, एवढाच कार्यक्रम. मामांनीं आपली गाडी घेऊन सामील व्हावें असें आमंत्रण होतें. मामा आतां पंच्याहत्तरीच्या घरांत आहेत. मिस्तरी त्यांच्याहून दोन वर्षांनीं वडील.

मी मोठ्या उत्साहानें गेलों, व जातांना पिशवींत एक छापील अर्ज घेऊन गेलों. त्याचा खुलासा केला पाहिजे. २०२१ च्या जुलै महिन्यांत केंद्र सरकारनें जुन्या मोटारींविषयीं नवे नियम केले. पन्नास वर्षांहून अधिक वयाची व मूळ रूपांत राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदतां येते. नव्या नोंदणीचें शुल्क वीस हजार रुपये, ती दहा वर्षें टिकते. नव्यानें नोंदलेल्या अशा गाडीच्या पाटीवर 'व्हीए' हीं अक्षरें येतात. मामांच्या गाडीस त्या हिशेबानें कधींच पन्नास वर्षें पूर्ण झालीं होतीं. तिला हा मान मिळावा, दर पांच वर्षांनीं मामांना तिच्या फेरनोंदणीसाठीं खेटे घालावे लागूं नयेत, आणि खरें सांगावयाचें तर आपल्या घरांत अशी एक मानाची वस्तु आहे असें चारचौघांत सांगतां यावें, अशी माझी इच्छा होती. मूळचें इंजिन कोठून तरी मिळवावें, पत्रा पुन्हां जोडून घ्यावा, खर्च मी करावा, इथवर माझे मनोरे चढले होते. त्याच नियमांत पुढें असेंही आहे कीं, अशी गाडी केवळ प्रदर्शनास, मिरवणुकीस, दुरुस्तीस किंवा इंधन भरण्यासच रस्त्यावर काढावी, रोजच्या कामास नव्हे. तें मीं वाचलें होतें. पण वाचून पुढें गेलों होतों.

शेतांत पोहोंचलों तों वीस-बावीस गाड्या रांगेनें उभ्या. काय त्यांचा थाट! एक खरोखरीची युद्धांतली फोर्ड जीप होती. तिच्या मालकानें मला खालीं वांकवून एकेका बोल्टाच्या माथ्यावर कोरलेलें इंग्रजी 'एफ' अक्षर दाखविलें. फोर्डनें आपल्या गाडीच्या लहानसहान भागांवरही आपली खूण ठेविली होती म्हणे. तिची पेट्रोलची टांकी चालकाच्या बैठकीखालीं, म्हणजे तो अक्षरशः तेलावर बसून लढाईस जाई. आणि तिचे दिवे मागें उलटवितां येतात, म्हणजे अंधारांत इंजिन दुरुस्त करतांना कंदील धरावयास माणूस नको. या युक्तीचें मला फार कौतुक वाटलें. शेजारीं एक जोंगा होती. जबलपूरच्या सरकारी कारखान्यांत १९६९ पासून सैन्यासाठीं तयार झालेली ही धिप्पाड गाडी. तिचें नांवही त्या कारखान्यांच्या इंग्रजी नांवांच्या आद्याक्षरांचेंच. तिच्या धन्यास मीं 'किती चालते?' असें विचारलें, तेव्हां तो हंसून म्हणाला, 'पुढल्या पेट्रोलपंपापर्यंत.' बाकीच्या बहुतेक महिंद्रच्याच. कांहींनीं तर अमेरिकेचा पांढरा तारा रंगवून आपलें वंशवृत्त थोडें उजळूनही घेतलें होतें.

माणसें तऱ्हेतऱ्हेचीं होतीं. दांतांचे एक डॉक्टर, ऊस लावणारे दोघे भाऊ, संगणकावर काम करणारे तरुण, सैन्यांतून निवृत्त झालेले एक सुभेदार, एक बाई आपल्या वडिलांची गाडी घेऊन एकट्या आलेल्या. मला वाटलें होतें कीं, अशा ठिकाणीं पैशाचा तोरा दिसेल. तो अगदींच नव्हता असें म्हणवत नाहीं. पण संध्याकाळीं कंदिलांच्या उजेडांत जें चाललें होतें तें निराळेंच. ज्याच्याजवळ दोन वायसर आहेत त्यानें एक दुसऱ्यास द्यावा. अमक्या गांवीं अमक्या भंगारवाल्याकडे एक गिअरपेटी पडून आहे ही बातमी कानांत सांगावी. कार्ब्युरेटर उघडून बसलेल्याच्या भोंवतीं पांच जणांनीं उकिडवें बसावें. या गाड्यांचे भाग दुकानांत सहज मिळत नाहींत. एकट्या माणसाची जुनी गाडी फार दिवस चालत नाहीं, हें त्यांच्यांतला प्रत्येक जण जाणून होता. आणि म्हणून डॉक्टरांचा व त्या पोरसवद्या तरुणांचा एकमेकांशीं जो घरोबा होता, तो पुष्कळशा नात्यांत मीं पाहिलेला नाहीं.

मामांची गाडी रांगेच्या शेवटीं उभी केली होती. धुतलेली होती; पण तिच्या रंगाचें नांव सांगणें कठीण. तीन-बीचे मोठे जाणकार म्हणून ज्यांची तेथें ख्याति होती ते गृहस्थ हातांत विजेरी घेऊन तिच्याभोंवतीं फिरले. त्यांची स्वतःची गाडीही आमच्याच जातीची, पण अशी कीं जणूं काल कारखान्यांतून निघाली आहे. बोनेट उघडून मॅटाडोरचें इंजिन पाहतांच त्यांनीं मान हलविली. मागें येऊन विजेरीचा प्रकाश पत्र्यावर टाकला, आणि अगदीं मनापासून हळहळून ते म्हणाले, 'अरेरे! हें कोणीं केलें?'

मिस्तरी तेथेंच, मामांच्या शेजारीं उभे होते. त्यांनीं आपले हात पाहिले आणि ते कांहीं बोलले नाहींत. मामाही बोलले नाहींत. मींही बोललों नाहीं. याची मला अद्याप लाज वाटते. कारण मला उत्तर ठाऊक होतें, आणि त्या क्षणीं मीं मनांत त्या गृहस्थांच्याच बाजूस उभा होतों. ते भले गृहस्थ पुढें म्हणाले, 'काका, मूळचा पत्रा माझ्याकडे आहे. इंजिनाचाही पत्ता देतों. सहा महिन्यांत गाडी नवी करून देऊं. पैशांचें मनावर घेऊं नका.' असें कोणी सहसा बोलत नाहीं. मला तर पिशवींतला अर्ज तेथेंच काढावासा वाटला.

रात्रीं जेवतांना मीं विषय काढला. मामा भाकरी मोडीत ऐकत होते. 'पत्रा बदलला तर बाज कुठनं जाईल?' एवढेंच ते म्हणाले. मीं म्हटलें, 'मामा, आतां बाज कोण आणतो? १०८ ची रुग्णवाहिका आहे. २०१४ पासून आहे. फोन केला कीं येते.'

'येते कीं,' मामा म्हणाले. 'सडकेपर्यंत येते.'

दुसऱ्या दिवशीं सकाळीं पावसाची झड लागली होती. गाड्या पश्चिमेच्या वाटेला लागल्या. निघण्यापूर्वीं त्या बाजूच्या एका वाडींतल्या म्हाताऱ्या बाबांनीं हात जोडून सर्वांस सांगितलें होतें कीं, चाकोरी सोडूं नका, खाचरांत आवणी नुकतीच झाली आहे. तरी एका तरुणाचा हात शिवशिवला व त्यानें गाडी एका बांधावरून घातली. बांध फुटला व वरच्या खाचरांतलें पाणी खालीं धांवूं लागलें. पुढारपण करणारे सुभेदार आपल्या गाडींतून उतरले. ते ओरडले नाहींत. तरुणाच्या गाडीच्या अंगास शोभेसाठीं जें फावडें बांधलेलें होतें तें त्यांनीं स्वतः सोडलें व त्याच्या हातीं दिलें. अर्धा तास तो बांध घालीत होता, आणि आम्ही सर्व पावसांत उभे होतों. त्या फावड्यावरचा रंग मात्र त्या दिवशीं गेला. चिखलांतल्या या छंदाविषयीं शेतकऱ्याच्या मनांत राग असतो, तो अस्थानीं नाहीं. हे लोक दोन दिवसांनीं निघून जातात, बांध मात्र तेथेंच राहतो.

पुढें ओढा लागला; १९९१ चाच तो. आतां त्याच्या वरच्या अंगास पूल झाला आहे, पण वाडीकडे जाणारी जुनी वाट अजून पाण्यांतूनच जाते. मामा स्वतः चालवीत होते. मला वाटलें होतें कीं येथें आमची गाडी सर्वांस आपला पराक्रम दाखवील, आणि कथा-कादंबऱ्यांत तसेंच घडतें. घडलें तें असें कीं, ओढ्याच्या मध्यावर खालून खडखड झाली, एक मोठा दणका बसला आणि मागचीं चाकें थांबलीं. मागच्या धुरीकडे जोर नेणारा जो दांडा असतो, त्याच्या सांध्याचा क्रॉस तुटला होता. पुढच्या दोन चाकांवर सपाटीला कसेंबसें चालतां आलें असतें. पण समोर निसरडा चढ होता. फोर्ड जीपनें दोर लावून आम्हांला कांठाच्या खडकापर्यंत ओढलें, आणि तेथें गाडी अर्धी पाण्यांत, अर्धी चिखलांत उभी राहिली.

मिस्तरी खालीं उतरले व धोतर खोंचून गाडीखालीं निजूं लागले. तों त्यांच्या खांद्यावर कोणीं तरी हात ठेविला. तेच जाणकार गृहस्थ. त्यांनीं आपल्या गाडीच्या पेटींतून एक तेलकट पुडकें आणलें होतें. त्यांत अगदीं त्याच मापाचा क्रॉस होता. कागदाच्या घडीवरून तो किती दिवस जपून ठेविलेला असेल याची कल्पना येत होती. 'मिस्तरी, तुम्ही सांगा, मी करतों,' असें म्हणून ते त्या स्वच्छ कपड्यांनिशीं पाठीवर चिखलांत शिरले. पण नुसतें सांगून भागणारें काम नव्हतें. मिस्तरीही शेजारीं शिरले. त्या क्रॉसच्या चार टोंकांवर चार टोप्या असतात, व प्रत्येक टोपींत सुईएवढे बारीक रूळ वर्तुळांत मांडलेले असतात. एक जरी चिखलांत पडला तर सर्व काम वाया. मिस्तरींनीं ते रूळ ग्रीसमध्यें चिकटवून टोपी उलटी धरली. त्यांची नजर आतां अधू आहे, म्हणून विजेरी दुसऱ्यानें धरली. दोन जोड्या पाय तेवढे आम्हांला दिसत होते. वर डॉक्टर छत्री घेऊन उभे, जोंगावाले दांडा पेलून धरीत आहेत, आणि त्या एकट्या आलेल्या बाईंनीं आपला चहाचा थर्मास मामांच्या हातीं दिलेला. तास-सव्वा तास हें चाललें होतें.

काम संपत आलें तेव्हां खालून त्या गृहस्थांचा आवाज आला, 'हें कोणीं केलें?'

ते मागच्या पत्र्याकडे खालून पाहात होते. वरून जें दिसत नव्हतें तें त्यांना खालून दिसलें होतें. पत्रा नुसता कापलेला नव्हता. त्याची धार आंतल्या बाजूस दुमडून, त्या घडींत तार घालून, ती हातोडीनें सबंध कडेपर्यंत बसवीत नेली होती. चांगला तांबट परातीचा कांठ जसा वळवितो तशी. आदल्या रात्रीं विचारलेलाच तो प्रश्न, पण या वेळीं मिस्तरींनीं उत्तर दिलें.

'मीच.'

'तार कशाला घातली?'

'बाजेवरच्या माणसाचा हात लोंबतो,' मिस्तरी म्हणाले. 'कापला जाऊं नये.'

त्या गृहस्थांनीं त्या कडेवरून बोट फिरविलें. मग ते बाहेर आले, आणि चिखलानें माखलेल्या अंगानें कितीतरी वेळ मामांशीं बाजेविषयीं बोलत राहिले: ती किती लांब, पुढची बैठक कशी उचलते, ओढ्याला पाणी असतां काय करीत. मामांनीं १९९१ ची हकीकत सांगितली; मला ठाऊक नसलेल्याही दोन-तीन सांगितल्या. आमच्या शाळेंत चांगल्या शोमरोन्याचा दृष्टान्त पाठ करवून घेणारे एक वृद्ध गुरुजी होते. ते म्हणत कीं, त्या जखमी माणसास ज्या जनावरावर घातलें तें गाढव होतें कीं खेंचर, त्याचें वय किती, याची चौकशी कोणीं केलेली दिसत नाहीं. तेव्हां आम्ही हंसत असूं. ओढ्याच्या कांठीं मला त्यांची आठवण झाली.

मूळच्या पत्र्याची गोष्ट पुन्हां निघाली नाहीं. मीं मात्र त्या गृहस्थांस एकीकडे गांठून विचारलें कीं, ही गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवावी असा माझा बेत आहे, तर तुमचें मत काय. त्यांनीं सरळ सांगितलें, 'सगळें मूळचें बसवलं तर होईल नोंद. पण मग हिला वाडीवर नेतां येणार नाहीं. माझी मी नेत नाहीं.' असें म्हणून त्यांनीं आपल्या चकचकीत गाडीकडे पाहिलें. त्यांच्या गाडीविषयीं त्यांना अभिमान होता आणि तो योग्यच होता. अशी एक तरी गाडी कोणीं जशीच्या तशी राखली नाहीं, तर १९६८ सालीं ती कशी निघत होती हें पुढच्यांना कळणार कोठून? त्यांच्याजवळ क्रॉस होता तो तरी जुनें जपण्याच्या याच छंदापायीं.

पाऊस उघडल्यावर आम्ही वाडीपर्यंत गेलों. आपल्या रोपांतून वांचलेल्या कांद्यांची एकेक पिशवी मामांनीं सायंकाळीं प्रत्येक गाडींत ठेवविली. क्रॉसचे पैसे घ्या म्हणून त्यांनीं पुष्कळ आग्रह केला, पण ते घेतले गेले नाहींत. 'तुमच्याकडे दुसरा आला कीं मला पाठवा,' एवढें उत्तर मिळालें. तेव्हां मिस्तरी म्हणाले, थांबा, माप लिहून घेतों, नाहीं तर विसरेन. कागद कोणापाशींच कोरडा नव्हता. माझ्या पिशवींत प्लॅस्टिकच्या वेष्टणांत तो अर्ज होता. मीं तो काढून दिला. मिस्तरींनीं तो पालथा घातला, तुटलेला क्रॉस त्यावर ठेवून पेन्सिलीनें त्याच्याभोंवतीं रेघ ओढली, चारही टोंकांचें माप लिहिलें, आणि ग्रीसचा अंगठा उमटलेला तो कागद घडी करून खिशांत घातला.

दिवाळींत मी ओतूरास गेलों होतों. मिस्तरींच्या दुकानांत पान्यांच्या फळीशेजारीं खिळ्याला तो लावलेला आहे.